नाशिकचें महापौरपद

नाशिकास जाणारा मनुष्य रामकुंडावर स्नान करतो, काळारामाचें दर्शन घेतो, सीतागुंफेंत वांकून शिरतो, सवड असल्यास त्र्यंबकेश्वरास जाऊन येतो, आणि परततांना द्राक्षें व चिवडा घेऊन घरीं येतो. आमच्या घरांतून नाशिकास आजवर ज्या फेर्‍या झाल्या त्या सार्‍या ह्याच क्रमानें झाल्या. ह्या खेपेस आम्हीं निराळा संकल्प केला. ज्या गांवास तीर्थ म्हणून सारा भारत ओळखतो त्या गांवानें आपला स्वतःचा संसार कसा चालविला, त्याच्या वतीनें बोलण्याचा अधिकार वेळोवेळीं कोणास मिळाला, आणि आज ज्यास आपण महापौर म्हणतों त्याची खुर्ची कोठून आली, हें चार दिवस राहून पाहावें असें मनांत घेतलें.

ह्या विषयाची गोडी आम्हांस जुनी आहे. आमच्या पिढीच्या इंग्रजी वाचनपुस्तकांत डिक व्हिटिंग्टन नांवाच्या पोरक्या मुलाची व त्याच्या मांजरीची गोष्ट असे. लंडन सोडून निघालेल्या त्या पोरास देवळाच्या घंटांतून 'माघारी फीर, तूं लंडनचा मेयर होशील' असें ऐकूं येतें, व तो खरोखरीच मेयर होतो. मांजरीची गोष्ट कल्पित, पण रिचर्ड व्हिटिंग्टन हा व्यापारी खरा. १३९७ साली तो प्रथम त्या पदावर आला व १४१९ साली शेवटचा. वर्गांतील मुलें मांजरीविषयीं शंभर प्रश्न विचारीत, पण मेयर म्हणजे काय हें फारसें कोणी विचारीत नसे. तो प्रश्न आम्हांस अखेर नाशिकांत, मेहुण्यांच्या घरीं, त्यांच्या सात वर्षांच्या नातवानें विचारला. "आजोबा, महापौर म्हणजे नाशिकचा राजा का हो?" आम्ही उत्तर जुळवीत आहों तोंच त्याची पणजी माजघरांतून म्हणाली, "राजा कसला रे! राजा असता तर पाणी कधीं येणार तें त्यालाच विचारलें असतें. पाण्याचें विचारायचें तें साहेबाला!" ह्या वृद्ध बाईंनीं एका वाक्यांत जें सांगितलें त्याचाच विस्तार पुढें करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. आमचा पिंड संस्कृताचा असल्यानें ही खोड वाचकांनीं सहन करावी. इंग्रजी 'मेयर' हा लॅटिन 'मायोर' ह्या शब्दाचा वंशज. त्याचा अर्थ 'अधिक मोठा' एवढाच. आपल्या 'महत्' शब्दाचें 'महीयस्' हें रूप त्याचें सख्खें भावंड. परंतु कोणाहून मोठा, कोणांत मोठा, हें तो इंग्रजी शब्द सांगत नाहीं. 'महापौर' हा शब्द तें सांगतो. पुरांत राहणारा तो पौर, व पौरांत जो मोठा तो महापौर. म्हणजे तो कितीही मोठा झाला तरी पौरच राहतो. बाहेरून नेमून पाठविलेला अधिकारी तो होऊं शकत नाहीं. हा शब्द विनायक दामोदर सावरकरांनीं घडविला असें सर्वत्र मानतात. सावरकर १८८३ साली जन्मले तें भगूर नाशिकपासून थोड्याच अंतरावर आहे, तेव्हां ह्या शब्दावर नाशिककरांनीं माहेरचा हक्क सांगितला तर त्यांत गैर कांहीं नाहीं. त्याच्याशीं 'नगराध्यक्ष' हा शब्द ताडून पाहावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत 'अध्यक्ष' म्हणजे राजानें नेमलेला खातेप्रमुख. त्यांच्या कामांचें वर्णन करणार्‍या अधिकरणाचें नांवच 'अध्यक्षप्रचार'. त्याच अधिकरणांत नगराचा कारभार पाहणार्‍या नागरकाचीं कामें दिलीं आहेत: पाण्याच्या जागा व रस्ते रोज पाहावे, आगीचा बंदोबस्त ठेवावा, रस्त्यांत केर टाकणार्‍यास पणाचा आठवा भाग दंड करावा. दंडाचा हा आकडा वाचून मेहुणे म्हणाले, "एवढा वसूल झाला असता तरी आमची गल्ली सोन्याची झाली असती." असो. नागरक हा राजाचा मनुष्य, पौर हे गांवाचे. अयोध्याकांडांत दशरथ रामास युवराज करण्यापूर्वीं ज्यांचें मत घेतो ते पौरजानपद, आणि राम वनास निघाल्यावर तमसेच्या तीरापर्यंत त्याच्या मागें जातात तेही पौरच. पंचवटींत बसून हा विचार करतांना मौज वाटते ती ही कीं, नाशिकच्या इतिहासांतही हीं दोन्ही माणसें, वरून नेमलेला व आंतून निवडलेला, पहिल्या पानापासून समोरासमोर उभीं आहेत.

तें पहिलें पान दगडावर आहे. शहराच्या दक्षिणेस मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मि नांवाचा डोंगर आहे. त्याच्या कुशींतल्या चोवीस लेण्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात. पांडवांचा त्यांशीं संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं आहेत. सकाळच्या थंड वेळीं पायर्‍या चढून आम्ही दहाव्या लेण्यापाशीं गेलों. हें लेणें क्षत्रप राजा नहपान ह्याचा जांवई उषवदात ह्यानें दान केलें. ओवरींत त्याचे लेख आहेत, व त्यांतील एकाची तारीख वर्ष ४२ अशी आहे. आजच्या गणनेनें इसवी सनाच्या दुसर्‍या शतकाचा पूर्वार्ध. लेख दानाचा आहे, पण त्याची भाषा एखाद्या बँकेच्या खतपत्राची शोभावी. उषवदातानें तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेविली. ती ठेव गोवर्धन नगरांतील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे दिली: दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक दरानें, व एक हजार दुसरीकडे दरमहा शेंकडा पाऊण दरानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, व्याजच तेवढें वापरावयाचें. पावसाळ्यांत लेण्यांत राहणार्‍या वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे. आम्हीं तेथेंच पायरीवर बसून हिशेब केला: दोन हजारांवर महिना वीस, वर्षाचे दोनशें चाळीस; वीस भिक्षूंस बारा-बारा, तेही दोनशें चाळीसच. अठराशें-एकोणीसशें वर्षांपूर्वींचें गणित अचूक जुळलेलें पाहून जन्मभर वह्या तपासलेल्या माणसास काय वाटलें असेल तें वाचकांनींच ओळखावें.

परंतु आम्ही गेलों होतों तें लेखाच्या अखेरच्या भागासाठीं. हें सर्व निगमसभेंत ऐकवलें गेलें, व रीतीप्रमाणें फलकावर नोंदलें गेलें, असें तेथें म्हटलें आहे. निगमसभा म्हणजे व्यापारी नगराची सभा. राजाचा जांवई, ज्याच्या एका शब्दावर गांवें दान होत, त्यासही आपली ठेव पक्की करण्यासाठीं गोवर्धनच्या सभेपुढें जावें लागलें व तिच्या दप्तरांत नोंद करावी लागली. हें गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकांठीं गंगापुराजवळ असलेलें आजचें गोवर्धन गांव असें विद्वान मानतात. ह्याच डोंगरांत तिसर्‍या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे. त्यानें नहपानाचें राज्य बुडविलें. त्याची आज्ञा आहे ती मात्र गोवर्धनच्या अमात्यास, विष्णुपालित नांवाच्या अधिकार्‍यास, उद्देशून. म्हणजे एकाच डोंगरावर दोन लेण्यांत गांवाचे दोन कारभारी भेटतात: एकांत सभा, दुसर्‍यांत अमात्य. सभेचा प्रमुख कोण होता, त्याचें नांव काय, हें दगडावर नाहीं. अमात्याचें नांव आहे. ही गोष्ट खालीं उतरतांना आमच्या मनांतून जाईना.

मध्यंतरींचीं शतकें आम्ही झरझर ओलांडतों. मोगलांच्या अमलांत ह्या गांवास गुलशनाबाद म्हणत. मराठ्यांनीं पुनः नाशिक केलें. पेशवाईंत येथें वाडे व मंदिरें उठलीं, सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा त्या वेळचा. त्या काळच्या मराठी बाजारगांवांत पेठेचा कारभार शेटे व महाजन ह्या वतनदारांकडे असे. नवी पेठ वसवितांना व्यापारी आणून बसविणें, जागा वांटणें, वजनें-मापें पाहणें, तंटे तोडणें हीं त्यांचीं कामें. त्याबद्दल बाजारांतील मालावर त्यांचा ठराविक हक्क. गांवावर सरकारचा कमाविसदार, व मोठ्या शहरीं कोतवाल. इंग्लंडांतील बाजारगांवांची रीत याहून फार निराळी नव्हती. तेथें राजा सनद देई, त्या सनदेनें गांवास आठवड्याचा बाजार भरविण्याचा व त्यावर जकात घेण्याचा हक्क मिळे, आणि पुष्कळ ठिकाणीं मेयर हाच बाजाराच्या वजनमापांचाही अधिकारी असे. फरक पडला तो येथें कीं, आमचा शेटे वंशपरंपरेचा, त्यांचा मेयर वर्षावर्षाला निवडलेला. लंडनच्या लोकांनीं १२१५ साली जॉन राजाकडून दरवर्षीं आपला मेयर निवडण्याचा हक्क लिहून घेतला. अट एवढीच कीं निवडलेल्या माणसानें राजापुढें येऊन शपथ घ्यावी. पुढें इंग्लंडांतील पुष्कळ गांवांच्या निवडणुकाही मूठभर घराण्यांच्या हातीं गेल्या व १८३५ च्या कायद्यानें त्या मोकळ्या कराव्या लागल्या, हें सांगावयास हवें. नाहींतर इंग्रजांचें तेवढें सोनें व आपलें पितळ असा ग्रह होईल.

१८१८ साली नाशिक इंग्रजांकडे गेलें, व १८६४ साली येथें नगरपालिका झाली. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें. म्हणजे ह्या गांवानें आधीं पुस्तकें जमविलीं व मग दिवाबत्ती. हा क्रम आम्हांस तरी भूषणावह वाटतो. त्या काळीं मुंबई इलाख्यांतील नगरपालिका म्हणजे सरकारनें नेमलेली मंडळी, व डोक्यावर अध्यक्ष बहुधा कलेक्टरसाहेब. गांवच्या पैशांनीं गांवचे रस्ते झाडावयाचे, पण झाडू कोठें फिरवावा हें साहेबांनीं सांगावयाचें! १८८२ साली लॉर्ड रिपन ह्यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, आणि १८८४ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांत निम्मे सभासद निवडून देण्याची वाट मोकळी झाली. सरकारी अध्यक्ष जाऊन लोकांतला अध्यक्ष येण्यास मात्र गांवोगांव पुष्कळ वर्षें लागलीं. १९०१ व १९२५ च्या कायद्यांनीं हळूहळू हें घडलें. मत देण्याचा हक्क तेव्हां कर भरणार्‍यांस व शिकलेल्यांस. भाड्याच्या खोलींत राहणारा व मोलमजुरी करणारा पौर सभेच्या दाराबाहेर.

जुन्या नगरपालिकेची इमारत मेन रोडवर आहे. १८८९ च्या सुमारास येथून नाशिकरोडच्या स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. आगगाडी गांवापासून आठ-नऊ किलोमीटर दूर राहिल्यामुळें ही सोय करावी लागली होती. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद झाली. मेहुण्यांच्या वडिलांनीं लहानपणीं त्या ट्रामेंतून प्रवास केला होता. चढावर घोडे दमले कीं उतारू खालीं उतरत, असें ते सांगत असत म्हणे. आतां त्या रस्त्यावर उभें राहिलें तर दुकानें, रिक्षा व माणसें ह्यांतून इमारतीचा दर्शनी भागही धड दिसत नाहीं. तरीही आम्ही अर्धा तास तेथें उभे होतों. मुंबईस अध्यक्षाचा 'मेयर' झाला १९३१ साली, जे. बी. बोमन-बेहराम हे पहिले. पुण्यास महापालिका आली १९५० साली, व बाबूराव सणस पहिले महापौर झाले. नाशिकचा नगराध्यक्ष मात्र त्यानंतरही बत्तीस वर्षें नगराध्यक्षच राहिला.

ह्या बत्तीस वर्षांत गांवाचें रूप पालटलें. गंगापूरचें धरण झालें, सातपूरला कारखान्यांची वसाहत उठली, नाशिकरोडला सरकारी छापखान्यांभोवतीं वेगळेंच शहर वाढलें. अखेर ७ नोव्हेंबर १९८२ रोजीं नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर ह्या तीन नगरपालिका व भोंवतालचीं तेवीस खेडीं एकत्र करून नाशिक महानगरपालिका स्थापन झाली. क्षेत्रफळ सुमारें २५९ चौरस किलोमीटर. नऊ टेंकांवर वसलेलें म्हणून ज्याची ख्याति, तें गांव एका दिवसांत एवढें पसरलें. महानगरपालिका झाली म्हणजे महापौर आला असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. आधीं प्रशासक आला, व जवळजवळ दहा वर्षें तोच राहिला. पहिली निवडणूक १९९२ साली झाली आणि शांतारामबापू वावरे हे नाशिकचे पहिले महापौर झाले. आरंभीं महापौर एका वर्षाचा असे. पुढें मुदत अडीच वर्षांची झाली.

शरणपूर रस्त्यावरील राजीव गांधी भवन हें महापालिकेचें मुख्य कार्यालय. इमारत भव्य आहे. सुंदर म्हणावी कीं नाहीं ह्याविषयीं आम्ही मौन पाळतों. महापौरांच्या निवासस्थानाचें नांव 'रामायण'. पंचवटीच्या गांवीं हें नांव साजतें, फक्त त्यांतील कोणतें कांड चालू आहे हें निवडणुकीगणिक बदलतें, एवढेंच.

आतां ह्या पदाच्या इतिहासांतील ज्या एका गोष्टीनें आम्ही सर्वांत अधिक अंतर्मुख झालों ती सांगतों. पौर कोण, हा प्रश्न नाशिकांत केवळ व्याकरणाचा कधींच नव्हता. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं सत्याग्रह सुरू झाला. ह्याच गांवांत जन्मलेल्या, ह्याच गांवचे रस्ते झाडणार्‍या, ह्याच रामाचें नांव घेणार्‍या हजारों माणसांस मंदिराचीं दारें बंद होतीं. दारें बंद करणारे कोण होते हें आमच्यासारख्या घराण्यांतील वाचकांस निराळें सांगावयास नको. आमच्या आजोळच्या घरांत ह्या सत्याग्रहाविषयीं जें बोललें जाई तें आम्हीं स्वतः ऐकलें आहे, आणि तें लिहावयाजोगें नाहीं. तो लढा पांच वर्षें चालला व मंदिर उघडलें नाहीं. पुढें १९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली, महापौरपदांत अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया ह्यांसाठीं आरक्षण आलें, व तें फिरतें ठेवण्यांत आलें. २००९ च्या अखेरीस अनुसूचित जातींतील नयना घोलप ह्या नाशिकच्या महापौर झाल्या. २०१७ साली आदिवासी समाजांतील रंजना भानसी झाल्या. काळारामाच्या पूर्वदारांतून राजीव गांधी भवनापर्यंतचें अंतर रिक्षानें पंधरा-वीस मिनिटांचें. पौरत्वाच्या मार्गानें त्यास कित्येक दशकें लागलीं. व्हिटिंग्टनच्या गोष्टींतील घंटा ज्यांस ऐकूंच येऊं नयेत अशी सारी व्यवस्था होती, त्यांच्या घरची कन्या त्या खुर्चींत बसली हें आमच्या डोळ्यांदेखत झालें. आरक्षणाविषयीं आपल्या घरांतून जेवतांना जी चर्चा चालते तींत ही तारीखही कोणी तरी उच्चारावी असें आम्हांस वाटतें.

पण खुर्ची मिळाली म्हणजे काय मिळालें? येथें त्या पणजीबाईंचें वाक्य पुनः घ्यावें लागतें. कायद्यानें महापौर हा महासभेचा अध्यक्ष. सभा चालविणें, मानाचे पाहुणे स्वीकारणें, नगराच्या वतीनें बोलणें हें त्याचें काम. पैशांच्या नाड्या सोळा सभासदांच्या स्थायी समितीकडे. आणि कार्यकारी अधिकार, म्हणजे हुकूम देण्याचा, नोकर हलविण्याचा, रस्ता खणण्याचा व बुजविण्याचा, तो राज्य शासनानें नेमलेल्या आयुक्ताकडे. ही घडी इंग्लंडची नव्हे. मुंबईस १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर नेमले गेले. त्या पद्धतीस १८८८ च्या मुंबईच्या कायद्यानें कायमचें रूप आलें, व १९४९ च्या कायद्यानें तीच पुणें, नाशिक इत्यादि शहरांस लागू झाली. मेयरचा मान इंग्रजी बाजारगांवांतून आला, सत्तेचा सांचा मुंबईंतून. १९९८ साली मुंबई व नागपूर येथें महापौरास मंत्रिमंडळासारखें अधिकार देऊन पाहिले, तेंही वर्षभरांतच गुंडाळलें गेलें.

ह्या दोन अधिकारांचा संघर्ष नाशिकानें २०१८ साली उघड्या मैदानांत पाहिला. तुकाराम मुंढे त्या वर्षीं फेब्रुवारींत आयुक्त म्हणून आले. शिस्त, वेळेवर हजेरी, खर्चास कात्री ह्यांबद्दल सामान्य माणूस त्यांच्यावर खूष होता. मालमत्ता करांत, विशेषतः मोकळ्या जमिनींवर, जी भरमसाठ वाढ झाली तीबद्दल तोच माणूस संतापलेला होता. १२२ पैकीं ६६ सभासद एका पक्षाचे, महापौर त्याच पक्षाच्या, आणि तरीही करवाढ थांबविणें सभेस जमेना. आयुक्तांविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडावयाचें ठरलें. पुढें मुख्यमंत्र्यांच्या सूचनेवरून तो मागें घेण्यांत आला. नोव्हेंबरांत आयुक्तांची बदली झाली. ह्यांत कोण बरोबर व कोण चूक ह्यावर मेहुण्यांच्या घरांत आजही दोन तट आहेत. घरांतील कर्ते चिरंजीव म्हणतात, "भाऊ, असा अधिकारी पुनः व्हायचा नाहीं." त्यांच्या वहिनी म्हणतात, "पण कर कुणी लावायचा, हें आम्ही निवडलेल्यांनींच ठरवायला नको का?" आम्हांस वहिनींचा पक्ष सबळ वाटतो. आयुक्त चांगला निघाला हें गांवाचें भाग्य. पण बदलीच्या एका कागदावर जें उलटतें त्या भाग्यावर गांवानें किती विसंबावें? उषवदात दानशूर होता म्हणून निगमसभा अनावश्यक झाली नव्हती. उलट, त्याचें दान टिकावें म्हणूनच ती लागली.

बाजारगांवाचा स्वतंत्र पैसा हाही गेल्या कांहीं वर्षांत आटला. शेटे-महाजनांच्या हक्कापासून नगरपालिकेच्या जकातीपर्यंत, बाजारांत येणार्‍या मालावरचा कर हा गांवाच्या तिजोरीचा आधार होता. नाशिकची जकात २०१३ साली जाऊन स्थानिक संस्था कर आला, तोही टिकला नाहीं, आणि २०१७ च्या जुलैंत वस्तु व सेवा कर सुरू झाल्यावर महापालिकेस राज्य शासनाच्या अनुदानाकडे पाहणें प्राप्त झालें. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, भ्रष्टाचारही होई, तेव्हां जकात गेल्याचें दुःख कोणी करूं नये. परंतु स्वतःची मिळकत नसलेल्या कर्त्या पुरुषाचें घरांत काय होतें हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

२०१९ च्या नोव्हेंबरांत सतीश कुलकर्णी महापौर झाले. मार्च २०२२ मध्यें सभेची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाहीं, व कारभार पुनः प्रशासकाकडे गेला. अशा रीतीनें 'रामायणां'त महापौर नाहीं, महासभेंत सभासद नाहींत, असा तीन वर्षांहून अधिक काळ लोटला. पहिलीं दहा वर्षें व हीं तीन धरलीं, तर १९८२ ते २०२५ ह्या त्रेचाळीस वर्षांपैकीं सुमारें तेरा वर्षें पंधरा लाखांच्या ह्या शहरास महापौर नव्हता. तमसेच्या तीरावर पौर सकाळीं उठून पाहतात तों राम निघून गेलेला. त्यांनीं निदान आक्रोश तरी केला. येथें सभा निघून गेल्याचें फारसें कोणास जाणवलेंही नाहीं, कारण नळ व कचर्‍याची गाडी पूर्वीप्रमाणेंच येत राहिली. २०२७ च्या सिंहस्थाची मोठीं कामें ठरलीं तीं ह्याच काळांत, व त्यांसाठीं २०२५ साली निराळें प्राधिकरण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालीं स्थापन झालें. २७ ऑगस्ट २००३ रोजीं सिंहस्थाच्या पर्वणीस रामकुंडाकडे उतरणार्‍या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन एकुणचाळीस माणसें गेलीं. ती वाट आम्हीं चालून पाहिली. दोन्ही बाजूंच्या घरांत राहणार्‍या माणसांस तेथें गर्दी कोठून येते व कोठें अडते हें जितकें ठाऊक आहे तितकें कोणत्याही नकाशास ठाऊक नसेल, आणि त्यांचें म्हणणें जेथें बोलावयाचें ती जागा म्हणजे महासभा.

ज्यांस हा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं पांडवलेण्यांवर सकाळीं लौकर जावें. पायर्‍या पुष्कळ आहेत, पण वाट चांगली आहे, व म्हातार्‍यांनीं सावकाश चढल्यास त्रास होत नाहीं. दहाव्या लेण्याची ओवरी प्रशस्त आहे. अक्षरें ब्राह्मी, भाषा संस्कृतमिश्रित प्राकृत. संस्कृत जाणणारास थोड्या मदतीनें 'निगमसभाय' हा शब्द लागतो. मुलांस बरोबर न्यावें आणि व्याजाचें तें गणित तेथेंच घालावें. परततांना मेन रोडवर उतरून जुन्या नगरपालिकेची इमारत पाहावी, व राजीव गांधी भवनांत महासभा असेल त्या दिवशीं चौकशी करून आंत जावें. सभा नागरिकांस खुली असते. आमच्या मेहुण्यांस नाशिकांत राहून पंचावन्न वर्षें झालीं, ते अद्याप एकदांही गेलेले नाहींत. पुढल्या खेपेस नातवास घेऊन बरोबर येण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे.